हाड मोडलं नाही, म्हणून?

रस्ता अपघातात पाय मोडला तर दुखापत झाली की नाही, यावर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो मान आणि पाठ धरून बसलेल्या माणसाशी. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात उलटतपासणीला उभा राहिला की त्याला हमखास विचारतात, ‘एक्स-रेत फ्रॅक्चर नाही ना?’ तो म्हणतो, नाही. ‘आज जिना चढूनच आलात ना?’ हो. एवढ्यावर विमा कंपनीचा वकील सांगून मोकळा होतो की दुखापत किरकोळ आहे आणि बाकी सगळं पैशासाठी चाललंय.

आधी एक्स-रेचं बघू. त्यात हाडं दिसतात. मणक्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध, स्नायू, मणक्यांमधल्या गाद्या दिसत नाहीत. मागून धडक बसली की धड पुढे ढकललं जातं, डोकं मागे राहतं आणि मग झटक्यात पुढे येतं. ताण पडतो तो नेमका या न दिसणाऱ्या भागांवर. पुष्कळदा दुखणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तोवर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी ‘हाडाला इजा नाही’ असं लिहून घरी पाठवलेलं असतं, आणि तोच कागद पुढे जखमीच्या विरोधात वाचला जातो. एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली तर ‘ही वयाची झीज आहे’ हे उत्तर तयारच असतं. चाळिशीनंतर झीज पुष्कळांच्या मणक्यात असते, मान्य. पण अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत त्या झिजेसकट हा माणूस पुरं काम करत होता, त्याचं काय? धडक देणाऱ्याला समोरचा माणूस जसा असेल तसाच पत्करावा लागतो, हे नुकसानभरपाईच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे.

खोटे दावे होतात, हे मी नाकारत नाही. पण त्यावरचा उपाय न्यायालयाने केव्हाच सांगितलाय. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की ज्या डॉक्टरांनी उपचारच केले नाहीत त्यांनी दिलेली तयार अपंगत्व प्रमाणपत्रं जपून घ्या, गरज वाटली तर जखमीला वैद्यकीय मंडळाकडे पाठवा, आणि न्यायाधिकरणाने नुसतं बघत बसू नये. एवढी चाळण हाताशी असताना प्रत्येक मानदुखीकडे सोंग म्हणून बघणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत खरा जखमी मोजतो.

माझं खरं भांडण आहे ते टक्केवारीशी. प्रमाणपत्रावर आठ टक्के लिहिलेत, मग कमाईही आठ टक्केच बुडाली, असा सरळ हिशोब मांडला जातो. मार्केट यार्डातला हमाल बघा. ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून तो उभा राहतो, वरचे दोघे पन्नास किलोचं पोतं त्याच्या खांद्यामागे सोडतात, तो मान खाली घालून, कमरेत वाकून गाळ्यापर्यंत चालत जातो आणि परत येतो. दिवसभर हेच. मानेतून कळ हातात उतरू लागली की त्याच्या कमाईचे आठ टक्के जात नाहीत, ते कामच जातं. वय ३४ आणि महिन्याला १५,००० रुपये धरा. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. आठ टक्क्यांनी हिशोब केला तर भावी कमाईपोटी २,३०,४०० रुपये येतात. हलकी कामं करून तो निम्मंच मिळवू शकतो असं ठरलं, तर तोच आकडा १४,४०,००० होतो. (जखमींच्या दाव्यातही भविष्यातली उत्पन्नवाढ धरावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. ती मी इथे धरलेलीच नाही.)

हे काही माझ्या पदरचं नाही. त्याच २०१० च्या निकालात उदाहरण आहे: डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळी जाते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे सांगून झालंय. घर चालवणाऱ्या बाईलाही हेच लागू आहे. पाण्याची कळशी उचलता येत नाही, ओट्याशी अर्धा तास उभं राहवत नाही, हे नुकसानच आहे, पगाराची स्लिप असो वा नसो.

‘इंग्लंडसारखं दरपत्रक लावा, कटकट संपेल,’ असाही सल्ला मिळतो. इंग्लंड-वेल्समध्ये ३१ मे २०२१ पासून मानेच्या अशा दुखापतींसाठी दर ठरले. तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला तेव्हा २४० पौंड होते. सल्ला देणारे दोन गोष्टी सांगत नाहीत. ते दर वेदनेपुरते आहेत, बुडालेला पगार आणि उपचारांचा खर्च वेगळा मिळतो. आणि मोटारसायकलस्वारांना ते लागूच नाहीत. आपल्याकडे तर दुचाकीवाल्यांना सोडून अपघातांबद्दल बोलताच येत नाही.

घाई हा दुसरा शत्रू. १९९४ साली काढून टाकलेली दाव्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची म्हणून परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय. मणक्याचं दुखणं किती टिकणार हे कित्येकदा सहा महिन्यांत डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून दावा वेळेत दाखल करा, पण लोकअदालतीत ‘घ्या आणि मिटवा’ म्हटलं की उपचार चालू असताना सही करू नका. एकदा तडजोड झाली की पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्याच माथी. ओपीडीचा प्रत्येक केसपेपर, फिजिओथेरपीची प्रत्येक पावती जपा. तपासणाऱ्या डॉक्टरांना सांगा, की नुसतं ‘मान दुखते’ लिहू नका. किती वजन उचलता येतं, किती वेळ बसता येतं, हात कुठपर्यंत वर जातो, तेही लिहा. डॉक्टर साक्षीला आले की न्यायाधिकरणाने टक्का विचारण्याआधी विचारावं: हा माणूस उद्या पोतं उचलू शकेल का?