शेंडा उतरवून झाड सुरक्षित होत नाही

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवर जुनी झाडे कोसळली. तेव्हापासून पावसाळा जवळ आला, की अंगणातल्या आंबा-फणसाकडे अनेकजण धास्तीने पाहतात. ही भीती खोटी नाही. डोक्यात फांदी पडून माणूस दगावतो. उपाय मात्र चुकतो. सरसकट शेंडाच उतरवला जातो.

रुग्णाला न तपासता त्याचा हात कापावा, तसा हा प्रकार. पाने गेली की मुळे उपाशी राहतात. कापल्या जागी भराभर फुटणारे धुमारे सालीलगतच धरलेले असतात आणि त्यांच्याखाली जखम कुजत जाते. काही वर्षांत ते जड होतात नि वाऱ्यात तेच आधी मोडतात. म्हणजे पैसे मोजून धोका वाढवायचा!

मुळांचे हाल वेगळेच. ती बहुतेक वरच्या दोन-तीन फुटांतच पसरतात. पेव्हर ब्लॉक बसवताना, गटार खणताना नेमकी तीच तुटतात. बुंध्याशी अळंबी उगवली किंवा एका बाजूची माती उचलली गेली, तर झाड जाणकाराला दाखवावे. वाळकी फांदी सांध्यालगत कापावी. खुंट ठेवू नये, खोडाची सालही सोलू नये. माडाला तर एकच कोंब. तो छाटला की माड मेला.

शहरात छाटणीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. तो अर्ज मेअखेरीस नव्हे, हिवाळ्यातच करावा.