टर्बो सी++ ला 'स्थैर्य' म्हणणं आता बंद करा

स्पष्टच लिहितोय, कुणाला लागलं तर लागू दे. महाड-पोलादपूरची पोरं पुण्या-मुंबईला मुलाखतीला जातात आणि तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांच्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ अडकते. पोरं ढ नाहीत. त्यांना शिकवलेली सी++ 1998 च्या आधीची आहे!

1998 साली या भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. 'आयओस्ट्रीम'च्या मागचं 'डॉट एच' गेलं, 'व्हॉइड मेन' तर प्रमाणात बसतच नाही. 2011 पासून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. आणि कितीतरी लॅबमध्ये अजून तोच निळा पडदा, डॉसच्या जमान्यातला टर्बो. 64 बिट विंडोजवर तो सरळ चालतही नाही, डॉसबॉक्सच्या कुबड्या द्याव्या लागतात. विचारलं की उत्तर तयार: "भाषा रोज बदलते, आम्ही किती बदलायचं? नोट्स, जर्नल, सगळं नव्याने करायचं का?"

यातली अर्धी तक्रार मला पटते. पायथनचंच बघा. 2008 च्या डिसेंबरात पायथन 3 आलं आणि जुने प्रोग्रॅम त्यावर चालेनात. साधं 'प्रिंट' कंसाशिवाय लिहिलं तरी एरर. पायथन 2 ला 2015 मध्ये निरोप द्यायचं ठरलं होतं, तो 2020 वर ढकलावा लागला. जगभरच्या लोकांची बारा वर्षं त्यात गेली. पण मोडतोड उगाच नव्हती. पायथन 2 ला 'महाड' या शब्दाची लांबी विचारली तर 12 सांगायचं, कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजायचं. पायथन 3 चार सांगतं. (काना वेगळा धरतं, म्हणून तीन नाही. असो.) म्हणजे त्या त्रासाचा फायदा आपल्या देवनागरीलाही झाला.

मुद्दा बदलायचं की नाही हा नाहीच. किती आधी सांगता आणि त्रास कोण सोसतं, हा आहे. रस्ट भाषेत प्रोग्रॅम 2015, 2018, 2021 की 2024 च्या नियमांचा हे लिहायची सोय आहे. जुनं-नवं शेजारी चालतं. कशेडीचा बोगदा सुरू झाला म्हणून घाटरस्ता त्याच दिवशी उखडला का? पण बोगदाच खणला नसता तर त्याला कुणी स्थैर्य म्हटलं असतं का?

तेव्हा संस्थाचालकांनो, जीसीसी कंपायलर फुकट आहे, लॅबमधल्या जुन्या मशीनवरही चालतो. येत्या जूनपासून टर्बोच्या शेजारी तो बसवा. दोन वर्षं जर्नल आणि कॉलेजच्या परीक्षेत दोन्ही पद्धती चालू द्या, टर्बो बंद होण्याची तारीख आजच नोटीस बोर्डावर लावा. शिक्षकांना सुट्टीत आठ दिवसांचं प्रशिक्षण द्या, पगारी. लोणेऱ्याला आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, मदत मागायला लांब जायला नको.

कोणत्या कॉलेजात काय चालतं ते कमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव लिहा, सरांचं नको.