पहिल्या सत्रातच बाजी
कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी हार्वी मड हे छोटंसं कॉलेज आहे. विज्ञान-अभियांत्रिकीचं, पण साहित्य-इतिहासासारखे विषयही प्रत्येकाला घ्यायला लावणारं. २००६च्या सुमारास तिथे संगणकशास्त्र निवडणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास होत्या.

२००६मध्येच मारिया क्लावे कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या आणि प्राध्यापकांनी संगणकशास्त्राचा पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम मुळापासून बदलला. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या जागी पायथन ही सोपी भाषा आली. आधी प्रोग्रॅमिंग केलेल्यांची तुकडी वेगळी, पाटी कोरी असलेल्यांची वेगळी. तरीही वर्गात एखादा सारखा बोलत राहिला, तर प्राध्यापक त्याला एकट्याला गाठून सांगत : तुझ्याशी बोलायला आवडतं, पण हे वर्गाबाहेर बोलू, बाकीची मुलं दबून जातात. सगळ्या बदलांत हाच सर्वांत मोलाचा, आणि त्याला पैसाही लागत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ग्रेस हॉपर परिषदेला नेलं, उन्हाळी सुट्टीत संशोधनाचं काम दिलं. काही वर्षांतच मुलींचं प्रमाण ४० टक्क्यांवर गेलं. २०१६मध्ये या विषयाच्या पदवीधरांत मुली निम्म्याहून अधिक होत्या.

विद्यार्थी आले की पुढचा पेच उभा राहतो तो शिक्षकांचा. उद्योगांत पगार कितीतरी जास्त, त्यामुळे प्राध्यापक मिळत नाहीत. पेन्सिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर कॉलेजात वरच्या वर्गांतल्या जागांसाठी सोडत काढण्याची वेळ आली. आवडीने आलेल्या मुलांना असं नशिबावर सोडणं अन्यायाचं आहे. कॉलेजांनी आधी प्राध्यापकांची पदं भरावीत.