मनातली बाटली मोजा



गावातले दारूचे दुकान बंद करायचे कसे, याचे माप सरकारने ठरवून दिले आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला कुलूप लागते. सातारा जिल्ह्यातल्या बायांनी ही लढाई लढून दाखवली आहे. पण गावातले दुकान उठले की पिणारा पुढचा फाटा गाठतो. दुकानातली बाटली मोजली. माणसाच्या मनातली बाटली मोजायची राहिली.

मनातली बाटली म्हणजे दारूबद्दलची समजूत. 'दिवसभर ज्वारी काढली, घोटभर घेतली की अंग मोकळे होते.' 'थंडीत राखणीला ऊब येते.' 'झोप लागते.' 'चारचौघांत बोलायला धीर येतो.' 'सोसायटीच्या कर्जाचा विसर पडतो.' ही वाक्ये कोणत्याही पारावर ऐकू येतात. ती मोजता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

अमेरिकेत ब्राऊन, गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९८० साली नेमके हेच केले. दारूने आपल्याला काय मिळते असे लोकांना वाटते, ते विचारून वाक्यांची यादी केली आणि समजुतींचे सहा गट पाडले. त्याआधी १९७३ साली मार्लॅट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. काहींना व्होडका घातलेला कडवट सोडा दिला, काहींना नुसता सोडा. 'यात दारू आहे' असे ज्यांना सांगितले ते जास्त प्याले, मग पेल्यात नुसता सोडा का असेना! 'दारू नाही' असे ज्यांना सांगितले ते कमी प्याले, पेल्यात दारू असली तरी. त्यांत अट्टल पिणारेही होते. म्हणजे किती प्यायचे हे बाटलीइतकेच समजूत ठरवते. आणि पुढच्या अभ्यासांत दिसले की पोरांच्या मनात ही समजूत पहिल्या घोटाआधीच तयार असते. ती ती कोणाकडून उचलतात, हे वेगळे सांगायला नको.

आता समजुतींचा हिशेब तपासू. ऊब? दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, कातडी गरम वाटते, पण आतली उष्णता बाहेर पडून शरीर थंड पडते. झोप? लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. अंगदुखी? काही वेळ बधिर होते. दुखणे तिथेच राहते. कर्जाचा विसर? पडतो, सकाळपर्यंत. पण ही शेवटची समजूत नुसत्या व्याख्यानाने जाणार नाही. तिच्यामागे मालाला न मिळालेला भाव आहे.

म्हणूनच मोजणी आपल्या हातात हवी. आज ती दुसरेच करतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली की मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवतात. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा ही कारणे लागतात. कारणाच्या रकान्यात 'व्यसन' पडले की त्या घराची मदत बुडण्याची वेळ येते. कर्जामुळे दारू की दारूमुळे कर्ज, हे मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. जिवंत माणसाला येते. ते आपण का विचारत नाही?

हे काम मोठ्या पदव्यांवाचून अडत नाही. शेजारच्या गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांचे पिणे जागतिक आरोग्य संघटनेच्या साध्या दहा प्रश्नांनी मोजले. जे घातक पीत होते त्यांच्याशी शिकवून तयार केलेली साधी माणसे बसून बोलली. २०१७ साली निष्कर्ष छापून आले : तीन महिन्यांनी शंभरातले ३६ घातक पिण्यातून बाहेर आले होते, केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत २६. तिथे पिणे मोजले; आपण त्याच्या मुळाशी असलेली समजूत मोजू.

पद्धत सोपी आहे. वर दिलेली पाच वाक्ये घ्या. बैठकीत एकेक वाक्य मोठ्याने वाचा. पटत असेल त्याने ज्वारीचा दाणा, पटत नसेल त्याने सरकी, मूठ झाकून मडक्यात टाकावी. नाव नाही, सही नाही, लिहिता न येणाराही मागे राहत नाही. पुरुषांचे मडके वेगळे, बायांचे वेगळे, आठवी-नववीच्या पोरांचे वेगळे. भाषण आधी करू नका. नाहीतर लोक तुम्हाला आवडेल तोच दाणा टाकतील. दाणे मोजून झाल्यावर बोला, आणि ज्या वाक्याला ज्वारी जास्त पडली त्याच वाक्यावर बोला. वर्षाने पुन्हा मोजा.

पोरांच्या मडक्यात ज्वारी किती निघते, ते आधी पाहा. पुढची दहा वर्षे त्या मडक्यात आहेत. जिल्हा बैठकीला वडूजला याल तेव्हा गावागावाचा आकडा घेऊन या.