छप्पर उघडणारी जुनी गाडी आणि दुकानाचे भांडवल

बसायला दोघांपुरती जागा, सामान ठेवायला जेमतेम कोपरा आणि वर पाहिजे तेव्हा मागे दुमडता येणारे कापडी छप्पर, अशी मोटार आपल्याकडे श्रीमंतांची हौस समजली जाते. मात्र ती जुनी झाली, दोन-तीन हातांतून फिरली की तिची किंमत खाली येते आणि मग नाहूर-भांडुपच्या गाळ्यात वर्कशॉप चालविणाऱ्या तरुणाच्याही मनात ती भरते. हौस करणे हा काही गुन्हा नाही. ज्याच्या हातात रोज पाना असतो त्याला यंत्राचे वेड असावे यात नवल ते काय? आम्हाला बोलायचे आहे ते पैशाविषयी. असा तरुण हा सौदा बहुधा दुकानाच्या खेळत्या भांडवलातून करतो, आणि गाडे अडते ते तेथेच.

आपल्याकडच्या बाजारात या जातीची जी देशी गाडी अधूनमधून विक्रीस येते ती म्हणजे सॅन स्टॉर्म. सॅन मोटर्सने ही गाडी १९९८ साली बाजारात आणली. आराखडा फ्रान्समधील ल मां ग्रुपचा, इंजिन रेनॉ कंपनीचे ११४९ सीसीचे, ताकद सुमारे ६० अश्वशक्ती, अंग पत्र्याऐवजी फायबरचे, आणि बनावट शेजारच्या गोव्यातली. आकड्यांवरून कोणी हुरळून जाऊ नये. ही गाडी वाऱ्याशी शर्यत लावणारी नव्हती. हलके अंग आणि उघडे आकाश एवढेच तिचे भांडवल. गाड्या फार निघाल्या नाहीत आणि आता त्या बनत नाहीत. विकणारा म्हणतो, "दुर्मिळ आहे, म्हणून किंमत." आमचे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्या दुर्मिळ वस्तूचे सुटे भाग मिळतात तिलाच दुर्मिळतेचा भाव येतो. भाग मिळत नसतील तर दुर्मिळता हा ऐब आहे.

परदेशात पाहा. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी काढली आणि २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनविल्या. पहिल्या पिढीच्या गाड्या जुन्या झाल्या तेव्हा कंपनीने २०१७ साली त्यांच्या दुरुस्तीची खास सोय जपानमध्ये जाहीर केली आणि बंद पडलेले भागही पुन्हा बनविण्यास घेतले. इंग्लंडच्या एमजीबी गाडीचे उत्पादन १९८० साली थांबले, तरी १९८८ पासून तिचे संपूर्ण अंग नवे कोरे विकत मिळू लागले. तिकडचा माणूस जुनी दोन आसनी गाडी घेतो तेव्हा त्याच्या पाठीशी हा सगळा बाजार उभा असतो. नाहूरच्या माणसाच्या पाठीशी फार तर कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरील जुन्या भागांची दुकाने आहेत, आणि तेथे जे मिळते ते मारुतीचे, ह्युंदाईचे, टाटाचे. स्टॉर्मची पुढची काच तेथे कोठून मिळणार?

येथे एक गोष्ट उलट्या क्रमाने समजून घेतली पाहिजे. लोक आधी इंजिन पाहतात, ऐकतात, धूर तपासतात. पण या गाडीत इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी बाब आहे. याच घराण्याचे इंजिन रेनॉने युरोपात ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांत घातले. त्या तिकडे लाखांनी खपल्या. तेव्हा पट्टा, गॅस्केट, वॉटर पंप असले भाग बाहेरून मागविता येतात. महाग पडतील, उशीर लागेल, पण मिळतील. अवघड आहे ते बाकीचे. काच, दिवे, दाराची कुलुपे, छप्पर दुमडण्याचा सांगाडा आणि दाराभोवतीची रबरे हे सगळे त्या एकाच गाडीचे. म्हणून बॉनेट उघडण्याआधी काचेला तडा आहे का, दिवे मूळचे आहेत का आणि छप्पर दोन वेळा उघडून मिटते का, हे पाहावे. छपराचे कापड फाटले असेल तर चिंता नको. सीट कव्हर शिवणारा चांगला कारागीर ते शिवून देईल. सांगाडा वाकला असेल तर मात्र किंमत खाली आणून मगच पुढे बोलावे.

फायबरचे अंग गंजत नाही ही विक्रेत्याची आवडती ओळ आहे, आणि ती खरीही आहे. पण अंगाखाली लोखंड असते व ते गंजते. नाहूरच्या पूर्वेला मिठागरे आणि ठाण्याची खाडी. हवेत ओल आणि खार बाराही महिने. वरून गाडी चकचकीत आणि खाली सांगाड्याचे पापुद्रे निघताहेत, असा प्रकार फायबरच्या गाडीत जास्त फसवा ठरतो, कारण पत्र्याची गाडी निदान बाहेरून गंज दाखविते तरी. तेव्हा गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. आतले कार्पेट उचलून हात लावावा. ओल लागली तर छप्पर गळते आहे, मग विक्रेता काहीही सांगो. शक्य असेल तर सौदा जुलैत करावा, डिसेंबरात नव्हे. कोरड्या दिवसांत उघडी गाडी सगळ्यांनाच आवडते.

आता कागदाकडे वळू, कारण आमच्या मते निम्मी गाडी कागदातच असते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. सुरुवातीच्या स्टॉर्म गाड्यांची ती मुदत केव्हाच उलटली. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० करण्यात आले. परदेशातून आणलेल्या मोटारीला हेच शुल्क २०२२ पासून ४०,००० आणि २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या गाडीला ८०,००० रुपये. जुनी जर्मन दोन आसनी गाडी स्वस्तात मिळते आहे म्हणून धावणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. शिवाय महाराष्ट्रात १५ वर्षांवरील गाडीला पर्यावरण कर आहेच.

गाडी गोव्याच्या किंवा कर्नाटकाच्या क्रमांकाची असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.चे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातील गाडी येथे १२ महिन्यांहून अधिक ठेवायची तर येथील क्रमांक घ्यावाच लागतो, नाहूरकरांच्या बाबतीत वडाळ्याचा एमएच-०३, आणि वयाप्रमाणे येथला कर वेगळा भरावा लागतो. विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि दोघांनी मिळून फॉर्म ३० वर सह्या करणे, जुने कर्ज असल्यास बोजा उतरल्याचा फॉर्म ३५, चेसिस क्रमांकाची पेन्सिलीने काढलेली छाप आर.सी.शी ताडून पाहणे, थकीत ई-चलान तपासणे, यांत कंटाळा करणाऱ्याने गाडी न घेतलेली बरी.

हा इशारा विकणाऱ्यालाही आहे. "सह्या करून दिल्या, आता आपला संबंध संपला" अशी समजूत आपल्याकडे फार पक्की आहे. एका प्रकरणात गाडी २००७ पासून एकामागून एक हातांत गेली, आर.सी.वर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. चहाच्या टपरीवर व्यवहार करून चावी देणाऱ्यांनी हे घरी मोठ्याने वाचावे. विमाही खरेदीदाराने १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यायचा असतो. तो नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा बारगळू शकतो, आणि ज्या गाडीची काच मिळत नाही तिच्या बाबतीत हे किती महाग पडेल ते सांगायला नको. दलालामार्फत सौदा असेल तर तो आर.टी.ओ.चा अधिकृत विक्रेता आहे का ते विचारावे. एप्रिल २०२३ पासून तशी नोंद घेण्याची तरतूद आहे.

एक जात मात्र आम्ही सरळ नको म्हणतो. लहान मोटारीचे छत कापून तिला "कन्व्हर्टिबल" म्हणून विकणारे भेटतात. काम कितीही सफाईदार असो, कंपनीने ठरविलेल्या रचनेत असा मूलभूत बदल कलम ५२ प्रमाणे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही बाब स्पष्ट केली आहे. छत हा गाडीच्या मजबुतीचा भाग असतो. ते कापले की अपघातात आतल्या माणसाला आधार उरत नाही. आमच्या वाचकांपैकी जे वेल्डिंगचे काम करतात त्यांनी असे काम घेऊही नये, मजुरी कितीही मिळो.

राहिला पैसा. इतक्या जुन्या गाडीवर बँक सहसा कर्ज देत नाही, मग खासगी फायनान्सवाल्याचे दार ठोठावले जाते किंवा दुकानाचा माल भरायची रक्कम वळविली जाते. दोन्ही आम्हाला मान्य नाही. ही गाडी भाडे देत नाही, माल वाहत नाही, घरच्या पाच माणसांना घेऊन गावीही जात नाही. तिला दुकानाच्या वहीत जागाच नाही. ज्याने दुकान, घरभाडे, मुलांची फी यांतून वेगळे काढून पैसे साठविले त्याने खुशाल घ्यावी. मात्र साठविलेल्या रकमेचे दोन भाग करून एकाच भागात बसेल एवढ्याच किंमतीवर अडून बसावे, आणि दुसरा भाग फेरनोंदणी, कर, विमा व पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. विक्रेता त्या किंमतीला तयार नसेल तर उठून यावे. अशा गाडीला गिऱ्हाईक थोडे असते हे तोही जाणतो, आणि बऱ्याचदा पावसाळ्यानंतर तोच पुन्हा फोन करतो.