टेकडीवरची बॅच, टेकडीखालची मुलं

पुण्यात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या काही घरांची आठवड्यातली एक सकाळ आता टेकडीवर जाते. कुणी तळजाईला, कुणी वेताळ टेकडीला. नऊला मुलं सोडायची, बाराला न्यायची. मधल्या वेळात एक ताई पक्षी, पानं, किडे दाखवते. महिन्याची फी, व्हॉट्सॲप ग्रुप, फोटो. ही बॅच कशासाठी, असं आईबापांना विचारलं तर बहुतेक जण एकच सांगतात: मुलाला सोबत मिळावी. चार मुलं झाडाखाली बसवली की सोबत होते, असा काहीसा समज आहे. तशी ती होत नाही.

शाळेबद्दलच्या माझ्या तक्रारी या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झाल्या असतील. तरी तिची एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याच्याशी काल भांडलो तो आज पुन्हा शेजारच्या बाकावर असतो, सुटका नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला ही सुटका सहज मिळते, आणि ती करून देतात आईबापच. मुलांनी गिरिपुष्पाच्या फांद्यांची खोपी उभारली, मोठ्या पोराने धनुष्यासाठी त्यातली एक फांदी ओढली, खोपी कोसळली, धाकटी रडली. एवढंच. डबे उघडेपर्यंत मुलांचं मिटलेलंही असतं. पण रात्री ग्रुपवर दोन आयांची जुंपते आणि पुढच्या महिन्यात एक घर बॅच सोडतं. ज्यांनी मुलाला शाळेतून काढण्याची हिंमत केली, त्यांना बॅचमधून काढणं काय जड?

म्हणून गट टिकवायचा असेल तर आईबापांनी गिऱ्हाईकपण सोडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फी देऊन गाडी वळवणाऱ्याला तक्रार करता येते, भांडण निस्तरता येत नाही. पाळी लावा. एकाने रांगेच्या शेवटी चालायचं, एकाने प्रथमोपचाराची पिशवी सांभाळायची, एकाने सगळ्यांसाठी पोहे आणायचे. आणि जागा बदलत राहू नका. दर आठवड्याला नवा गड, नवा धबधबा ही सहल झाली. एकाच टेकडीवर फाल्गुनातला पळस आणि पहिल्या पावसानंतरचे लाल मखमली मृगाचे किडे दोन्ही पाहिलेली दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या नव्या पोराला आपणहून सांगू लागते, कुठे पाय जपून टाकायचा. ताईला हे शिकवावं लागत नाही.

आता जरा अवघड मुद्दा. पोहे 'सगळ्यांसाठी' म्हटलं, पण हे 'सगळे' म्हणजे नेमके कोण? वेताळ टेकडीच्या पायथ्याशी गोखलेनगर, जनवाडी आहे. १९६१च्या पानशेत पुरात घरं गेलेल्या लोकांची वस्ती. तिथली पोरं ही टेकडी लहानपणापासून तुडवतात. आपली बॅच त्यांच्या अंगणातून वर चढते आणि इंग्रजीत पक्ष्यांची नावं घेत खाली येते. ओळख होत नाही.

निसर्गशाळा म्हटलं की आपल्याला डेन्मार्क-जर्मनीतल्या जंगलातल्या बालवाड्या आठवतात. कोसबाड का आठवू नये? ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं तिथेही येऊ शकत नव्हती. मग त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: जिथे गुरं चरतात तिथे शिक्षकाने जायचं. मुलांची वेळ आणि मुलांची जागा, दोन्ही धरून शाळा आखलेली. निसर्ग तिथे वेगळा विषय म्हणून शिकवायचा नव्हताच, मुलं त्यातच होती.

आपल्याला कुरणापर्यंत जायचंही नाही, फक्त वेळ बदलायची आहे. बुधवारी सकाळी नऊला जनवाडीची पोरं शाळेत असतात. रविवारी सकाळी मोकळी असतात. महिन्यातला एक रविवार ठेवा, फी ठेवू नका, बोलणं मराठीत ठेवा, आणि त्या दिवशी वाट त्यांना दाखवू द्या. वस्तीतल्या आयांना आधी भेटून या. परक्या गटाबरोबर कुणी आपलं पोर पाठवत नाही. ताईचं त्या दिवसाचं मानधन फी देणाऱ्या घरांनी वाटून घ्यावं लागेल, आणि त्यावर ग्रुपवर पुन्हा वाद होईल. होऊ द्या. फक्त त्या आठवड्यात कुणी ग्रुप सोडायचा नाही, एवढं आधी ठरवून घ्या.