भिंतीवरच्या खुणेवर विसंबू नका

चिपळूणकरांनो, 26 जुलै 2005 ला पाणी जिथवर चढलं, तिथे आपण रेघ मारली. कुणी भिंतीवर, कुणी मनात. पुढची 16 वर्षं त्या रेघेच्या वर सामान ठेवून आपण निर्धास्त झोपलो. 22 जुलै 2021 ला पाणी ती रेघ ओलांडून गेलं. बाजारपेठेत ज्यांनी माल वरच्या फळीवर चढवला होता, त्यांची फळीही बुडाली. ही माणसं बेसावध नव्हती. त्यांनी तयारी केली होती, पण ती मागच्या पुराची होती.

आता मृग लागला आहे. म्हणून हात जोडून सांगतो, ‘आमच्याकडे इथवर कधी येत नाही’ हे वाक्य यंदा घरात कुणालाही बोलू देऊ नका. आजोबा म्हणाले तरी त्यांना प्रेमाने थांबवा.

आपली नदी तुम्हाला माहीत आहे. सह्याद्रीवर पाऊस कोसळतो. वीज तयार झाल्यावर कोयनेचं पाणी कोळकेवाडीवरून खाली येतं. समोरून दाभोळच्या खाडीची भरती चढते. तिन्ही एकाच वेळी आली की वाशिष्ठीला जायला वाट राहत नाही, आणि ती शहरात शिरते. 2021 ला गुरुपौर्णिमा दोनच दिवसांवर होती, उधाण चढतं होतं. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाऊस धरून बसला, तर त्या रात्री गाढ झोपू नका. घरातल्या एकाने तरी जागं राहावं. फोन आधीच चार्ज करून ठेवा.

वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आहे आणि धोका पातळी 7 मीटर. हे दोन आकडे मुलांनाही पाठ करायला लावा. नगर परिषदेचा भोंगा वाजला की निघा. शेजारी निघाला का, हे बघत खिडकीत उभे राहू नका, कारण तोही तुमच्याकडेच बघत उभा असतो. गाडी आधी उंचावर न्या. औषधं, कागदपत्रं, बाळाचं दूध आणि पिण्याचं पाणी एका पिशवीत आजच भरा. टीव्ही राहू द्या. फ्रीज राहू द्या. माणसं हलवा.

आणि सगळ्यात आधी कुणाला हलवायचं, हे आज ठरवा. 2021 ला पुराने वेढलेल्या रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. पाण्याबरोबर वीज जाते, आणि ज्याचा श्वास विजेवर चालतो त्याला वाट बघायला वेळच नसतो. तुमच्या गल्लीत घरी ऑक्सिजनवर असलेलं कुणी आहे का? अंथरुणाला खिळलेलं? दिवस भरत आलेल्या लेकीबाळी? त्यांची नावं नगर परिषदेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात आधीच नोंदवा. मुरादपूर, पेठमाप, शंकरवाडी, खेर्डी अशा सखल भागांतल्या नातेवाइकांना आजच फोन करा. खेर्डीकरांनी ही नोंद ग्रामपंचायतीत करावी. बोट येईल, मदत येईल, पण रस्ते बुडाल्यावर ती किती उशिरा पोहोचते, हे आपण भोगलं आहे. पहिले काही तास तुम्हीच एकमेकांचे आहात.

आणखी एक गोष्ट, आणि ती तर निव्वळ आपल्याच हातात आहे. महापुरानंतर या गावातली माणसं साखळी उपोषणाला बसली, तेव्हा वाशिष्ठीचा आणि शिवनदीचा गाळ निघू लागला. इतक्या कष्टाने मोकळं केलेलं पात्र आपणच पुन्हा भरायचं का? घराच्या दुरुस्तीचा राडारोडा नाल्यात लोटू नका. प्लास्टिकची पिशवी गटारात टाकू नका, घंटागाडीची वाट बघा. दारासमोरचं गटार तुंबलं असेल तर नगर परिषदेत तक्रार लिहून द्या आणि पोच घ्या. दोन दिवसांत कुणी आलं नाही तर पुन्हा जा. तुम्ही गेलात तर माणसं येतात.

व्यापारी बंधूंनो, वह्या आणि जुन्या नोंदी वर न्या, आणि विम्याची मुदत संपलेली नाही ना ते आज बघा. पहाटे पाणी येईल तेव्हा दुकान उघडायला धावू नका. अंधारात, वाहत्या पाण्यात शटर वर करायला गेलेला माणूस घरी परत यायला हवा, माल पुन्हा भरता येईल.

112, 108 आणि जिल्ह्याचा 1077 हे क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा. त्याखाली वरच्या मजल्यावरच्या किंवा उंचावरच्या एका घराचं नाव लिहा, जिथे तुम्ही जाणार आहात. त्या घरी आज संध्याकाळीच जा आणि विचारून या. आणि तुमचं घर उंचावर असेल, तर कुणी विचारायची वाट न बघता खालच्या आळीतल्या दोन कुटुंबांना सांगून या, की रात्री कितीही वाजता या, दार उघडं असेल.